मत आपले, यादी कुणाची?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना वाचता येत नाही, पण मतदान त्यांनी कधी चुकवले नाही. गेल्या ग्रामपंचायतीच्या वेळी बोटावरची शाई दाखवत ते म्हणाले होते, "मत आम्ही दिलं, पण पॅनेल आधीच वाड्यावर ठरलं होतं." राज्यशास्त्राच्या तासाला अमेरिकेतील पक्ष-अधिवेशनांच्या खटल्यांचा विषय निघाला, तेव्हा मला हे वाक्य आठवले.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात जाहीर होतो आणि त्याला निवडतात ते प्रतिनिधी. पण या प्रतिनिधींना कोणी निवडायचे? १९७२ साली शिकागोत हा प्रश्न कोर्टात गेला. डेमोक्रॅटिक पक्षातील महापौर रिचर्ड डेली यांच्या गटाचे ५९ प्रतिनिधी मार्चच्या प्राथमिक निवडणुकीत निवडून आले होते. परंतु त्यांची यादी बंद दाराआड झाली, तीत कृष्णवर्णीय, स्त्रिया व तरुण यांना पुरेसे स्थान नाही, म्हणजे पक्षाचेच नियम मोडले, अशी हरकत विल्यम सिंगर व जेसी जॅक्सन यांच्या गटाने घेतली. राज्याच्या कोर्टाने या गटाला मनाई केली; तरीही पक्षाने मायामी बीचच्या अधिवेशनात त्यालाच बसवले. अखेर १९७५ मध्ये 'कझिन्स विरुद्ध विगोडा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राष्ट्रीय अधिवेशनात कोणी बसावे या बाबतीत राज्याच्या कायद्यापेक्षा पक्षाचा संघटनस्वातंत्र्याचा हक्क मोठा.

हा निकाल मला पटतो, पण अर्धाच. डेलींच्या माणसांना निदान मते तरी मिळाली होती. त्यांच्या जागी आलेले त्या मतपेटीतून आले नव्हते. शिवाय 'पक्ष आमचे घर, कोणाला घ्यायचे ते आम्ही पाहू' हा युक्तिवाद टेक्सासमध्येही झाला होता. तेथे हा पक्ष प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतच देऊ देत नसे. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पक्षाचे खासगी काम मानले. १९४४ साली 'स्मिथ विरुद्ध ऑलराइट' खटल्यात स्वतःचाच निकाल फिरवला. आणि १९६४ साली मिसिसिपीतील फॅनी लू हेमर ही शेतात राबणारी बाई आपल्या साथीदारांसह अधिवेशनाच्या दारात उभी राहिली, तेव्हा पक्षाने देऊ केल्या फक्त दोन जागा! त्यांनी त्या नाकारल्या.

म्हणून माझे मत असे: जात, वर्ण यांवरून दार बंद होत असेल, तर ते कोर्टाने उघडावे. आतली मांडामांड पक्षाने करावी. मात्र नियम लेखी असावेत आणि सर्वांना आधी कळावेत.

आपल्याकडे १९८९ पासून नोंदणी करणाऱ्या पक्षाला लोकशाहीवरील निष्ठा लिहून द्यावी लागते. पण ती पाळली नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. मग विचारणार कोण?

मित्रहो, विचारायचे ते आपणच. बोटावरची शाई काही दिवसांनी पुसते. यादी कोणी केली, हा प्रश्न मात्र पुसू देता कामा नये.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला