अर्धवट संशोधन घेऊन शाळेत जा!

२८ फेब्रुवारी आला की शाळाशाळांतून एक ठरलेला कार्यक्रम होतो. राष्ट्रीय विज्ञान दिन! एखादे मोठे शास्त्रज्ञ नाहीतर निवृत्त प्राध्यापक बोलावले जातात. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (तोच वीस मिनिटं!), मग पाऊण तासाचं भाषण, 'विद्यार्थ्यांनी न घाबरता प्रश्न विचारावेत' असं आवाहन आणि आधीच पाठ करून घेतलेले दोन प्रश्न. आभार. वंदे मातरम्. मुलं घरी. पाहुण्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण या कार्यक्रमातून विज्ञान शाळेत येतं असं मला काही वाटत नाही. फार तर शास्त्रज्ञ येतो, आणि तोही तासाभरात परत जातो.

माझं म्हणणं असं की शाळेत जायला हवा तो पीएच.डी. करणारा विद्यार्थी. ज्याचं काम अजून लटकलेलं आहे, ज्याच्या गाईडने कालच त्याचा ग्राफ परत करायला सांगितलाय आणि जो आपल्यासारखाच कँटीनमध्ये उधारीवर चहा पितो, असा. आणि तो एकदाच जाऊन उपयोग नाही, वर्षभर दर आठवड्याला गेला पाहिजे. ही टूम माझ्या डोक्यातून निघालेली नाही. हे झालेलं आहे, आणि त्यात समुद्रविज्ञानाचे विद्यार्थीही होते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात समुद्र कशाला, असं विचाराल तर जरा दम धरा.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९९ मध्ये 'जीके-ट्वेल्व्ह' नावाची योजना सुरू केली. यातला 'जीके' म्हणजे आपलं जनरल नॉलेज नव्हे! 'जी' ग्रॅज्युएटमधला आणि 'के-ट्वेल्व्ह' म्हणजे बालवाडी ते बारावी. विज्ञान, गणित, इंजिनिअरिंगमध्ये एम.एस. किंवा पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना फेलोशिप द्यायची (पुढे पुढे ती वर्षाला ३०,००० डॉलर होती) आणि त्या बदल्यात त्यांनी आठवड्याचे १० ते १५ तास शाळेसाठी द्यायचे. शाळेचे शिक्षक वर्गातच असतात. मुलं कशाला घाबरतात, कशाला हसतात, कोणत्या धड्यावर अडतात हे शिक्षकांना माहीत. प्रयोगशाळेत आत्ता काय चाललंय ते विद्यार्थ्याला माहीत. दोघांनी मिळून तास घ्यायचा.

तेव्हा फाउंडेशनच्या डायरेक्टर होत्या रिटा कोलवेल. त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री, आणि मूळच्या समुद्री सूक्ष्मजीवांच्या अभ्यासक. त्यांचं स्वतःचं काम म्हणजे शाळेत सांगायलाच हवी अशी गोष्ट आहे. कॉलराचा जंतू पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या बारीक जीवांना चिकटून राहतो. कोपेपॉड म्हणजे जवळ्याहूनही कितीतरी बारीक, कोलंबीच्या लांबच्या नात्यातला प्राणी. आता जंतू फडक्यात अडकणार नाही, पण कोपेपॉड अडकेल की! कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना पिण्याचं पाणी जुन्या सुती साडीच्या घड्या करून गाळायला सांगितलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला : कॉलरा जवळजवळ निम्म्याने, ४८ टक्क्यांनी कमी. साडी जुनीच बरी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं आणखी बारीक होतात. माझ्या आजीने आयुष्यभर पाणी गाळलं, पण ते 'का' ते आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. कॉलरा म्हणजे 'दूषित पाण्यामुळे होणारा रोग', दोन मार्क, पुढचा प्रश्न.

असो. समुद्राच्या बाबतीत या योजनेतलं ठळक नाव म्हणजे सॅन दिएगोची स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी. ही संस्था १९०३ सालची. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ पासून सातत्याने मोजणारे चार्ल्स कीलिंग इथलेच. त्यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा दर दहा लाखांत ३१५ च्या आसपास असलेला आकडा आता ४२० च्या वर गेलाय. इथले पीएच.डी.चे विद्यार्थी याच योजनेतून सॅन दिएगोच्या शाळांत गेले, शिक्षकांच्या जोडीने.

आता मी जो मुद्दा मांडत्येय तो एका उदाहरणाने सांगते. समजा, कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचा पीएच कसा उतरतो यावर कुणी काम करतंय. वर्गात जायला त्याला काय लागेल? लाल कोबीचं पाणी, दोन ग्लास, एक स्ट्रॉ. एका ग्लासात मुलाने फुंकत राहायचं. थोड्या वेळाने त्या ग्लासातला निळसर रंग जांभळ्याकडे झुकतो, दुसरा तसाच राहतो. आपल्याच श्वासाने! मग तो सांगेल, औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. मुलं म्हणणार, एवढंच? ०.१? इथे लॉगॅरिथम कामाला येतो, ज्याला आपण सगळ्यांनी अकरावीत शिव्या घातल्या. पीएचची मोजपट्टी लॉगची असल्याने ०.१ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयन जवळपास ३० टक्के जास्त. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणारच, "मग समुद्र लिंबासारखा आंबट होणार का?" नाही होणार, ८.१ हा अजूनही अल्कलीच्याच बाजूला आहे. "मग शिंपल्यांना काय होतं?" कवच बनवणं अवघड जातं, पण सगळ्यांना सारखं नाही, जातीजातीनुसार वेगळं. "आमच्या इथल्या शिंपल्यांना?"

आता इथे पाठ्यपुस्तक गप्प. विज्ञान दिनाचे पाहुणे 'छान प्रश्न आहे' म्हणून पुढे जातील. पण जो स्वतः हेच काम करतोय तो म्हणू शकतो, "मला माहीत नाही. तेच तर शोधतोय. पुढच्या महिन्यात बोटीवर जाणार आहे, आल्यावर दाखवतो." आणि तो पुढच्या महिन्यात खरंच येतो. माझ्या मते अख्ख्या योजनेचं सार या 'पुढच्या महिन्यात येतो' मध्ये आहे. मी बारा वर्षं शाळेत विज्ञान शिकले. त्यात कुणी मोठ्या माणसाने 'अजून माहीत नाही' म्हटलेलं मला आठवत नाही. सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात असंच आम्ही धरून चाललो, आणि इथे आल्यावर प्रोजेक्टचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही म्हटल्यावर सिनिअर्सची रिपोर्ट शोधत हॉस्टेलभर फिरतो!

स्टाफरूममधून येणारा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. 'आधीच यांचं सबमिशन वेळेवर नाही, त्यात शाळा कुठे?' रास्त आहे. पण यावर अभ्यास झालाय. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फेल्डन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. विज्ञान-इंजिनिअरिंगच्या ९५ विद्यार्थ्यांकडून त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी आपापल्या संशोधनाचा आराखडा लिहून घेतला आणि दोन्ही तपासले. ज्यांनी संशोधनाबरोबर शिकवलंही होतं, त्यांची तपासता येण्याजोगी गृहीतकं मांडण्यात आणि प्रयोग आखण्यात नुसतं संशोधन करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा झाली होती. मला यात आश्चर्य वाटत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटला थर्मोडायनॅमिक्स समजावून सांगितलं की आपलंच कुठे अडतंय ते आधी कळतं. गंमत म्हणजे त्याच २०११ मध्ये अमेरिकन सरकारच्या पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये जीके-ट्वेल्व्ह बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि योजना गुंडाळली गेली. सरकारं सगळीकडे सारखीच.

आता आपल्याकडे या. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर ऑक्सिजन अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड पट्टा आहे, त्यावर तिथे मोठं काम झालंय. पावसाळ्यात खोलवरचं हे पाणी आपल्या किनाऱ्याच्या बाजूला वर सरकतं. पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचं वर झाकण बसतं. खाली जे कुजतं त्यात उरलासुरला ऑक्सिजन संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात उथळ समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी तो जवळजवळ शून्यावर येतो, आणि नायट्रस ऑक्साइड तयार होतो, जो हरितगृह वायू आहे. तिथल्या नक्वी आणि सहकाऱ्यांचा यावरचा निबंध २००० साली 'नेचर'मध्ये आला होता.

आता विचार करा, मालवण, देवगड, हर्णैच्या शाळेत आठवीत बसलेल्या मुलाचे वडील नारळी पौर्णिमेनंतर याच समुद्रात होड्या घालतात. त्या दिवसांत तळाची मासळी कुठे मिळते, कुठे नाही, पाण्याचा वास आणि रंग कधी बदलतो, हे त्याच्या घरात रोजचं बोलणं. त्या मुलाकडे वर्षावर्षांच्या नोंदी आहेत, फक्त त्या तोंडी आहेत. आणि अर्ध्या दिवसाच्या एस.टी.च्या अंतरावर कुणीतरी नेमकं त्याच पाण्यावर थिसिस लिहितंय. या दोघांची गाठ पडली तर कोण कुणाला शिकवेल ते सांगता येणार नाही.

म्हणजे आपल्याकडे काहीच नाही असं नाही. सीएसआयआरने २०१७ मध्ये 'जिज्ञासा' कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला ११५१ केंद्रीय विद्यालयं आणि ३८ राष्ट्रीय प्रयोगशाळा जोडायचं ठरलं, वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपर्यंत जायचं. चांगलंच आहे. पण केंद्रीय विद्यालयांतून इंग्रजी-हिंदी चालतं. किनाऱ्यावरची जिल्हा परिषदेची शाळा मराठीत बोलते, घरी मालवणी नाहीतर कोळी. आणि तिथे आपली खरी पंचाईत आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. भूगोलात 'स्प्रिंग टाइड' आणि 'नीप टाइड' घोकल्या, व्याख्या आजही म्हणून दाखवीन. त्यांना आपल्याकडे 'उधाण' आणि 'भांग' म्हणतात हे मला कॉलेजात आल्यावर, वेंगुर्ल्याच्या एका मैत्रिणीकडून कळलं. ती म्हणाली, "भांगाला पाणी फार चढत नाही गो, हे काय शिकायचं असतं?" तिला चंद्र-सूर्याचा काटकोन माहीत नव्हता, मला भांग माहीत नव्हता. इंग्रजीतल्या संशोधनाला मराठीत आणायचं म्हणजे जडजंबाळ पारिभाषिक शब्द घडवायचे, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. 'अपवेलिंग'ला 'खोलचं पाणी वर येणं' म्हटलं तर काय बिघडलं? मुलांकडे निम्मे शब्द आधीच आहेत. जाणाऱ्याने ते ऐकून घ्यायला हवेत. आणि ते एका तासाच्या भाषणात ऐकून घेता येत नाहीत, म्हणून तर वर्षभराचा आग्रह.

राहिला प्रश्न, यात आपण इंजिनिअर कुठे बसतो. एमआयटीच्या 'सी ग्रँट' विभागाने २००३ मध्ये 'सीपर्च' नावाचा कार्यक्रम सुरू केला. शाळेतली मुलं पीव्हीसी पाइप, छोट्या डीसी मोटर आणि बॅटरी घेऊन पाण्याखाली चालणारा, वायरने वरून हाकायचा रोबो बनवतात. मोटरमध्ये पाणी शिरू नये म्हणून फोटोच्या रिळाची रिकामी डबी आणि मेण! आपल्याकडे असल्या जुगाडाला तोटा आहे का? पाइप हार्डवेअरच्या दुकानात, मोटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, पाणी गावच्या विहिरीत. तरंगणं-बुडणं, टॉर्क, सोल्डरिंग, सगळं एका खेळण्यात. आपल्या वर्कशॉपमध्ये आपण पहिल्या वर्षी जो चौकोनी लोखंडी तुकडा तीन आठवडे कानशीने घासतो, त्यापेक्षा मला तरी यात जास्त शिकायला मिळालं असतं (वर्कशॉपच्या सरांनी राग मानू नये).

आणि हे सगळं फावल्या वेळातली समाजसेवा म्हणून नको. एन.एस.एस.च्या तासांसाठी सही घ्यायला जाणारे आपण किती मनापासून जातो ते हॉस्टेलला ठाऊक आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत असं आहे की प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यावं, आणि आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, लॅब असं काम त्याला देता येतं. त्यातले दोन तास जवळच्या शाळेत धरले तर? पेपर तपासण्यापेक्षा वाईट काय होणार आहे? शाळेच्या शिक्षकांना मात्र आधी विचारा. त्यांचा पोर्शन त्यांच्या डोक्यावर असतो, आणि त्यांच्याच वर्गात त्यांना कोपऱ्यात उभं करून शहाणपण शिकवायला कुणी जाणार असेल तर न गेलेलं बरं.

बी.ई.वाल्यांसाठी एक छोटी सूचना. आपलं प्रोजेक्ट एक्झिबिशन मे महिन्यात असतं. तेव्हा शाळांना सुट्टी, आणि बघायला येतात ते आपलेच ज्युनिअर्स. त्याऐवजी जानेवारीत एक शनिवार काढून शेजारच्या शाळेची आठवी-नववी डिपार्टमेंटमध्ये बोलवावी. तेव्हा कुणाचंच काही चालत नसतं, मोटर फिरत नसते, कोड कंपाइल होत नसतो. एक्झामिनरच्या आधी त्या मुलांना व्हायव्हा घेऊ द्यावी. परवानगी कुणाकडे मागायची तेवढं कुणीतरी सांगा, अर्ज मी लिहिते.