गुस्ल कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका घरी फजरच्या सुमारास वृद्ध मातेचा इंतकाल झाला. घरात दोन मुली, तीन सुना, शेजारच्या बायका, सगळ्या हजर होत्या. पाणी तापले होते, कफनाचे कापड आले होते, कब्र खोदायला माणसे गेली होती. जोहरनंतर जनाजा ठरला होता. पण गुस्ल देणारी कोणी नव्हती. मोहल्ल्यात हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या खाला दोन वर्षांपूर्वीच अल्लाहला प्यारी झाल्या होत्या. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नव्हता. शेवटी शेजारच्या तालुक्यातून एका बाईंना गाडी पाठवून आणले आणि जनाजा असरनंतर उठला. धाकटी मुलगी रडत एकच बोलत होती, "अम्मीने मला लहानपणी रोज न्हाऊ घातले, आणि मला तिला एकदाही घालता येत नाही."

गुस्ल, कफन, जनाजाची नमाज आणि दफन ही फर्जे किफाया आहेत. काहींनी केले की सर्वांची जबाबदारी उतरते, एवढा अर्धा भाग आपण छान लक्षात ठेवला आहे. कोणीच केले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते, हा उरलेला अर्धा भाग मात्र विसरलो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्येला गुस्ल देणाऱ्या स्त्रियांत ह. उम्मे अतिया (रजि.) होत्या. पाणी व बोरीची पाने वापरा, तीन, पाच किंवा गरज वाटल्यास अधिक वेळा धुवा, शेवटी कापूर घाला, उजव्या बाजूने आणि वुजूच्या अवयवांपासून सुरुवात करा, हे प्रेषितांनी त्यांना स्वतः समजावले. पुढे बसऱ्यातील विद्वान मंडळीही मय्यतीच्या गुस्लची पद्धत त्यांच्याकडूनच शिकली. म्हणजे हे शिकण्या-शिकवण्याचे इल्म आहे; एखाद्या गरीब बाईवर सोपवून मोकळे होण्याचे काम नव्हे.

आपल्या जमाती आणि कब्रस्तान कमिट्या मय्यत झाली की धावून येतात. अल्लाह त्यांना त्याचा मोबदला देवो. आमची विनंती एवढीच, की त्यांनी मय्यत नसतानाही लोकांपर्यंत जावे.

पहिले काम शिकवण्याचे. वर्षातून दोनदा मदरशाच्या हॉलमध्ये स्त्रियांसाठी वेगळी आणि पुरुषांसाठी वेगळी शिकवणी ठेवावी. कापडाची मोठी बाहुली करून तिच्यावर सगळे करून दाखवावे: सतर झाकून कपडे कसे उतरवायचे, कूस कशी बदलायची, पुरुषाच्या कफनाची तीन वस्त्रे व स्त्रीच्या कफनाची पाच वस्त्रे कोणत्या क्रमाने पसरायची. आणि गुस्ल देताना मय्यतीच्या अंगावर जे दिसले ते कोणाजवळ बोलायचे नाही, ही अमानतही शिकवावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनाही बसू द्यावे. एकदा पाहिले की निम्मी भीती जाते.

दुसरे काम माहितीचे. मशिदीच्या फलकावर एक कागद लावावा. गुस्ल देणाऱ्या स्त्री-पुरुषांचे, कब्र खोदणाऱ्यांचे आणि घरी येऊन मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांचे फोन त्यावर असावेत. त्याखाली लिहावे: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. इस्पितळात मृत्यू झाला तर इस्पितळ कळवते. घरी झाला तर घरच्यांनीच कळवायचे असते. 21 दिवस उलटले की विलंब शुल्क आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मग इद्दतीतल्या विधवेच्या पेन्शनचा, बँकेतल्या पैशाचा कागद अडतो आणि तिच्या भावांना कचेरीचे खेटे घालावे लागतात.

तिसरे काम दिलाशाचे. मुअता येथे ह. जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण बनवा, असे प्रेषितांनी सांगितले. आपल्याकडे उलट होते: दुःखातल्या घरानेच पाहुण्यांसाठी देगची चढवायची! कमिटीने शेजारच्या घरांत तीन दिवसांच्या जेवणाच्या पाळ्या लावाव्यात. वस्तीत भाड्याने राहणारे परगावचे मजूरही यातून सुटू नयेत. त्यांचे इथे ना नातेवाईक असतात, ना जमातीच्या वहीत नाव.

यासाठी मोठा निधी लागत नाही, इमारतही लागत नाही. येत्या जुम्याला आपल्या मुतवल्लींना एकच प्रश्न विचारा: आपल्या मोहल्ल्यात गुस्ल देऊ शकणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या स्त्रिया किती? उत्तर बोटांवर मोजावे लागले, तर शिकवणीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या.

ती धाकटी मुलगी नंतर शेजारच्या तालुक्यातल्या त्याच बाईंकडे जाऊन शिकली. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत एका बाईची मय्यत झाली, तेव्हा गाडी पाठवावी लागली नाही.