नातीचे आत्मनिवेदन

परदेशी विद्यापीठात परिचर्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करणारी आपली नात एखाद्या संध्याकाळी दोन कागद घेऊन येईल आणि म्हणेल, "आजी, जरा ऐकतेस का?" इंग्रजी येत नाही म्हणून तिला परत पाठवू नका; मराठीत सांगायला लावा. आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश मुख्यत्वे परीक्षेच्या गुणांवर ठरतो. तिकडे बहुधा असे आत्मनिवेदनही मागतात.

आरंभीच फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा आणि 'लहानपणापासून सेवेची आवड' आढळली, तर निःसंकोच खोडायला सांगा. (तो दिवा १८५४ नंतरच्या स्कुटारीतला, अर्ज मात्र हिचा आहे.) त्याऐवजी विचारा: आजोबा अंथरुणाला खिळले होते, दर दोन तासांनी कूस बदलायची असे ठरले होते, तरी माकडहाडाशी जखम कशी झाली? तू काय पाहिलेस, काय केलेस, तुला काय उमगले नाही?

कदाचित ती अडखळत म्हणेल, "एका रात्री मला झोप लागली होती." हे लिहावे का? माझ्या मते अवश्य लिहावे. मात्र त्यानंतर तिने काय बदलले आणि आता कोणते ज्ञान तिला हवे आहे, हे त्याला जोडूनच. परीक्षकांना निर्दोष मुलगी नको असते, विचार करणारी परिचारिका हवी असते.

आजोबांविषयी लिहिण्यास घरच्यांची संमती असावी. रुग्णालयातील कोणाही रुग्णाचे नाव, गाव वा खाटेचा क्रमांक मजकुरात नको. आणि भाषा सुधारण्याच्या निमित्ताने हे कागद शिकलेल्या काकांच्या हाती मुळीच देऊ नका.