विंचूदंश : ज्ञान प्रयोगशाळेत, रुग्ण उसाच्या फडात

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतो. पुढचे काही महिने मुक्काम कोपीत, निजणे जमिनीवर आणि काम पहाटेच्या अंधारात, पाचटाच्या ढिगांत. उन्हाळ्यात गावी परतल्यावर पुन्हा दगडी भिंतींची घरे आणि उघड्या अंगणातील झोप. ही सारी ठिकाणे विंचवाचीही आहेत. म्हणूनच ऊसतोड मजुरांच्या आरोग्याची चर्चा विंचूदंशाला वगळून पुरी होत नाही.

विंचूदंशाला आपल्याकडे अजूनही 'उतारा' शोधला जातो. वस्तुतः शरीरात नेमके काय घडते, हे विज्ञानाला चांगले ठाऊक आहे. चेतापेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. सोडियमची दारे उघडली की संदेश सुरू होतो, ती मिटली आणि पोटॅशियम बाहेर पडले की पेशी शांत होते. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ मध्ये त्याचे गणित मांडले. विंचवाचे विष सोडियमचे दार मिटू देत नाही. चेतातंतू संदेश पाठवतच राहतात, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य भार पडतो. घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे आणि अखेरीस फुप्फुसात पाणी, असा हा क्रम असतो.

गंमत अशी, की हेच विष संशोधकांचे हत्यार ठरले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे विल्यम कॅटरॉल यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग सोडियम-वाहिनीच्या अभ्यासाला दिला. १९८० मध्ये त्या वाहिनीचे प्रथिन हुडकताना त्यांनी विंचवाच्या विषाचाच खुणेसारखा उपयोग केला. १९९० मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी वेगळे केलेले 'आयबेरिओटॉक्सिन' हे द्रव्य तर आपल्याकडील लाल विंचवाच्या विषातले. एका विशिष्ट पोटॅशियम-वाहिनीला बंद करणारे हे द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते. दिसायला थोरल्या काळ्या विंचवापुढे हा लाल विंचू किरकोळ, पण जीवघेणा तोच.

प्रयोगशाळेतील या ज्ञानाला रुग्णाच्या खाटेपाशी जोड दिली ती मराठवाड्याच्याच एका सुपुत्राने. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत असताना त्यांनी लक्षणांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. त्या १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाल्या. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, मूळची रक्तदाबावरची 'प्राझोसिन' ही गोळी त्यांनी या रुग्णांना दिली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात तिचे परिणाम मांडले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवरील चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेले रुग्ण सरासरी दहा तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्यांना सुमारे अठरा तास लागले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना 'पद्मश्री' मिळाली.

तेव्हा प्रश्न औषधाच्या शोधाचा उरलेला नाही, ते वेळेत पोहोचण्याचा आहे. विषाचा मारा काही तासांत हृदयापर्यंत जातो. फडावरच्या मजुराला मात्र आधी मुकादमाची परवानगी, मग वाहन, मग परक्या गावातला दवाखाना शोधावा लागतो. त्यात मांत्रिकाकडे घालवलेला एखादा तास जिवावर बेततो. लहान मुलांच्या बाबतीत तर धोका अधिकच, कारण तेवढेच विष त्यांच्या छोट्या शरीरात भिनते.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे योग्यच झाले. परंतु विंचूदंशाचीही अशीच काटेकोर नोंद व्हायला हवी. नोंद नसेल तर मागणी नाही आणि मागणी नसेल तर औषधाचा साठा नाही, हे सरकारी यंत्रणेचे साधे गणित आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. गाळप हंगामात कारखान्यांच्या परिसरातील प्रत्येक आरोग्य केंद्रात ही स्वस्त गोळी आणि प्रतिविष ठेवणे, मुकादमांना लक्षणे समजावून सांगणे आणि रुग्णाला हलविण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकणे, ही कामे त्याने अग्रक्रमाने हाती घ्यावीत. महाराष्ट्राच्या एका ग्रामीण दवाखान्यातून जगाला मिळालेल्या उपचारावर पहिला हक्क इथल्या मजुराचा आहे.