दर्याची पेरणी

“सर, दर्या एवढा अफाट, त्यातले मासे संपतील कसे?” गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आठवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले. त्याचे वडील यांत्रिक होडीवर कामाला जातात. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी नुकतीच सुरू झाली होती आणि घरातील मिळकत थांबली होती. मी भाषेचा शिक्षक. तरीही हा प्रश्न टाळणे मला योग्य वाटले नाही. शास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, काही वाचले, आणि माझे जे मत बनले ते येथे मांडतो.

दर्या अफाट खरा. परंतु त्याचे शेत लहान आहे. सागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. सूर्यप्रकाश मात्र निर्मळ पाण्यातही वरच्या शे-दोनशे मीटरपलीकडे कामापुरता पोहोचत नाही. या पातळ थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती अन्न निर्माण करतात. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे सागरात घडते. परंतु केवळ उन्हावर पीक येत नाही. नत्र, स्फुरद, सिलिका यांचे खतही लागते. मेलेले जीव तळाकडे जातात, कुजतात, आणि ते खत अंधारात साठून राहते. वर प्रकाश, खाली खत, आणि मध्ये उबदार, हलक्या पाण्याचे झाकण! म्हणूनच कवींना भुलविणारे गडद निळे पाणी बहुधा ओसाड माळ असते. हिरवट, गढूळ पाणी हे खरे शेत.

आपल्या किनाऱ्यावर हे झाकण उघडतो तो पावसाळी वारा. किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहणारा वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या योगाने वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खालचे थंड, खतयुक्त पाणी वर येते. ही क्रिया केरळच्या दक्षिणेस सुरू होऊन उत्तरेकडे पसरते. मग सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो, त्यांवर तारली पोसतात, आणि याच महिन्यांत तारली मोठ्या प्रमाणावर अंडी घालतात. शेतकरी भुईत बी टाकतो त्याच वेळी दर्याचीही पेरणी चालू असते. पेरलेल्या शेतात कोणी गुरे सोडतो काय?

पेरूच्या किनाऱ्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथेही असेच थंड पाणी वर येते. १९७० साली तेथील आँचोवी माशांची पकड सुमारे १ कोटी २० लक्ष टनांवर गेली होती. १९७२ साली एल निनोमुळे उबदार पाणी पसरले, खत वर येईना. तरीही जाळी थांबली नाहीत. १९७३ साली पकड २० लक्ष टनांच्या आसपास घसरली. अफाट दर्याही रिता होतो तो असा.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “पेरणी जायसर आमी कितें खावचें, सर?”

या प्रश्नाला शास्त्रापाशी उत्तर नाही. ते समाजाने द्यावयाचे आहे. बंदी कमी करावी, असे मला मुळीच वाटत नाही. ती काटेकोरपणे पाळली जावी. परंतु ऑगस्टनंतर ताटात येणारा बांगडा आपण सर्वांनी खावयाचा आणि दोन महिन्यांची झळ मात्र काही घरांनीच सोसावयाची, हा न्याय नव्हे. सरकारी साहाय्य त्या घरी बंदीच्या काळातच पोहोचले पाहिजे, ऑक्टोबरात नव्हे. आणि आपणही बाजारात बोटभर लांबीची कोवळी पिल्ले स्वस्त म्हणून टोपलीत घेऊ नयेत. विद्यार्थिमित्रांनो, एवढी गोष्ट आज घरी आईवडिलांना अवश्य सांगा.