सग्धि आणि सपीति

ज्या घरांत रुद्राची एकादशणी होते, त्या घरांतील लहानथोरांच्या कानांवरून चमकाचे अनुवाक गेलेले असतातच. त्यांत देवाजवळ काय काय मागितलें आहे, याची यादी मोठी पाहण्यासारखी आहे. दूध, तूप आणि मध मागितला आहे. पुढें शेती आणि पाऊस मागितला आहे. आणि या दोहोंच्या मध्यें दोन लहानसे शब्द येतात, 'सग्धि' आणि 'सपीति'. सग्धि म्हणजे दुसऱ्यासह बसून जेवणें आणि सपीति म्हणजे दुसऱ्यासह बसून पिणें. अमरकोशांतही सग्धीचा अर्थ सहभोजन असाच दिलेला आहे. हे शब्द आम्हीं मुंज झाल्यापासून किती वेळां म्हटले असतील, त्याची गणती नाहीं. अर्थ मात्र गेल्या महिन्यांत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, आमच्या शिवाजी पेठेंतील एका साध्या खाणावळींत कळला. ती हकीगत वाचकांस सांगावयाची आहे. ती आमच्या मोठेपणाची नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील चपला शिवीत. गणितांत तो आमच्या पुढें आणि संस्कृतांत आम्ही त्याच्या पुढें. शालान्त परीक्षेच्या वर्षीं तो रोज तिन्हीसांजेस आमच्या घरीं येई. ओसरीवरच्या दिव्याखालीं आम्ही त्यास शब्द चालवून दाखवीत असूं आणि तो आम्हांस भूमितीचे सिद्धान्त समजावून देई. त्याचें येणें ओसरीपर्यंतच. माजघराचा उंबरा त्यानें कधीं ओलांडला नाहीं, आणि आम्हींही त्यास कधीं 'आंत ये' म्हटलें नाहीं. तहान लागली कीं आजी तांब्यानें वरून पाणी घाली आणि तो ओंजळ लावून पिई.

१९७३ च्या जून महिन्यांत निकाल लागला. दोघेही उत्तीर्ण झालों. आईनें शिरा केला. आमचा शिरा वाटींत आला, त्याचा पत्रावळीच्या तुकड्यावर. खाऊन झाल्यावर आजीनें त्यास तें पान बाहेर टाकावयास सांगितलें. आणि तो पाठमोरा होतो न होतो तोंच, तो बसला होता त्या जागीं पाणी शिंपडलें. त्यानें मागें वळून पाहिलें. आधीं आजीकडे, मग आमच्याकडे. आम्ही शिरा खात होतों. खातच राहिलों. राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें १९५० सालींच अस्पृश्यता नष्ट केली होती आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें गुन्हा ठरला होता. नागरिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेंत हें लिहून आम्हीं गुणही मिळविले होते!

त्यानंतर तो आमच्या घरीं आला नाहीं. पुढें रेल्वेंत लागून हुबळीकडे गेला, एवढेंच ऐकूं आलें.

गेल्या महिन्यांत सायंकाळीं रंकाळ्यावरून परततांना उभ्या मारुतीच्या चौकांत कोणीं तरी आमच्या पाठीवर थाप मारली. "काय मास्तर, वळखलंस का?" मिशा पिकल्या होत्या, पण हसणें तेंच होतें. पुतण्याच्या लग्नासाठीं तो चार दिवस आला होता. आम्हीं म्हटलें, "घरीं चल." तो म्हणाला, "घरी नगं. भूक लागलीया, हितंच कुठंतरी बसू." खाणावळ चार पावलांवर होती.

आम्ही त्यास म्हटलें, "तुला तांबडा-पांढरा रस्सा लागत असेल, तर दुसरीकडे जाऊं." "आज तुझ्यासंगं तुझं," असें म्हणून त्यानें झुणका, अख्खा मसूर, खर्डा आणि भाकरी मागविली. वाट पाहतां पाहतां सहज बोलल्यासारखें तो म्हणाला, "गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हाटेल भाऊसिंगजी रोडला हुतं. ठावं हाय न्हवं?"

ठाऊक कसें नसेल? शाहूजयंतीस ती गोष्ट आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत सांगत आलों. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. हौदाच्या पाण्यास शिवल्याबद्दल त्यांस मार खावा लागला. महाराजांनीं मारणाऱ्यांस शासन केलें आणि गंगारामांस पैसे देऊन चहाचें दुकान घालून दिलें. तेथें स्पृश्य गिऱ्हाइक फिरकेना, तेव्हां महाराज स्वतःच दुकानापुढें गाडी उभी करवून चहा मागूं लागले. स्वतः प्याले आणि बरोबरच्या मंडळींसही पाजला. त्याच्या तीसएक वर्षें आधीं, १८९० सालीं, पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहाचे पेले पुढें आले, तेव्हां टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य उभें राहिलें. कोण प्याला, कोणीं नुसता पेला घेतला, प्रायश्चित्त कोणास आणि कोणतें, याचा काथ्याकूट शंकराचार्यांपर्यंत गेला. महाराजांनीं वाद घातला नाहीं; चहा मागितला. ही गोष्ट सांगतांना मुलें तल्लीन होत, एकदोघांचे डोळेही पाणावत. आपल्या ओसरीवरची गोष्ट मात्र आम्हीं त्यांस कधीं सांगितली नाहीं.

पोऱ्यानें टेबलावर पाण्याचा जग आणून ठेविला. मित्रानें तो उचलला आणि आधीं आमचा पेला भरला. आमचा हात तसाच राहिला. मग जें पन्नासांवर वर्षें बोलावयाचें होतें, तें आम्हीं कसेंबसें बोललों. आजी जुन्या वळणाची होती, तिच्या वतीनें क्षमा मागतों, असें कांहीं तरी.

तो भाकरी मोडीत होता. मान वर न करितांच म्हणाला, "आज्जीचं मला कधी लागलं न्हाई. तिला तेच शिकवल्यालं. तू गप बसलास, त्ये लागलं. तुझ्या तोंडात घास हुता."

चाळीस वर्षें आम्हीं मुलांस उत्तरें सांगितलीं. यास उत्तर सुचेना. त्यानेंच आपल्या भाकरीची अर्धी चतकोर आमच्या ताटांत टाकली आणि म्हणाला, "खा, गार हुतीया." पुढें तो नातीबद्दल बोलूं लागला. तिला संस्कृत आहे आणि शब्द तोच चालवून घेतो. "चाल तुझीच," म्हणाला.

पैसे देतेवेळीं आम्ही हट्टानें सगळे देऊं लागलों. त्यानें हात धरला. "समदं तूच दिलंस, तर फिटलं असं वाटंल तुला. निम्मं निम्मं." आम्हीं निम्मेच दिले.

वाटेंत आम्हीं म्हटलें, "जाण्याआधीं एकदां घरीं ये. ओसरीवर नव्हे, आंत." तो म्हणाला, "बघू." दुसऱ्या दिवशीं तो हुबळीस परत गेला.

घरीं येऊन ही हकीगत आम्हीं सर्वांस जमवून सांगितली. आजवर ती घरांत कोणासही ठाऊक नव्हती. सूनबाईंनीं विचारलें, "त्यांनीं मागें वळून पाहिलें, तेव्हां तुम्हांला उठतां आलें नसतें का, मामंजी?" उठतां आलें असतें. वाटी खालीं ठेवून त्याच्याबरोबर दारापर्यंत जाण्यास सोळा वर्षांच्या मुलास मोठें धैर्य लागलें नसतें. आजी रागावली असती आणि दुसऱ्या दिवशीं विसरली असती.

आतां चमकांतील ते दोन शब्द आले कीं आमचा स्वर अडखळतो. तुपामधाच्या पंक्तीस बसवून देवाजवळ मागण्याजोगी ती वस्तु आहे, असें ऋषींस वाटलें. ती आपल्या पायांनीं चालत रोज आमच्या ओसरीवर येत होती, आणि तिच्या जागेवर पाणी शिंपडलेलें आम्हीं बघत राहिलों.

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अशा ओसऱ्या होत्या. त्या पाडून सदनिका झाल्या, आजीही गेल्या. पण तेथें बसलेलीं मुलें आज आमच्याच वयाचीं होऊन कोठें ना कोठें आहेत. त्यांचे पत्ते सांपडण्यासारखे आहेत.

आम्हीं हुबळीस पत्र घातलें आहे. त्यांत आजीचें नांव नाहीं. अद्याप उत्तर नाहीं. तो 'बघू' म्हणाला आहे, आणि बघण्याचा हक्क त्याचा आहे. असो.