पैशाची वाट अडवू या



दिवाळीच्या तोंडावर शहाद्याच्या बाजारात कापूस उतरू लागतो, उसाच्या फडांत लगबग सुरू होते. वर्षभराच्या कष्टाचा पैसा याच दिवसांत हाती येतो. त्या पैशावर डोळा ठेवून बसलेल्यांविषयी यंदा अंकाच्या पहिल्याच पानावर लिहीत आहोत.

कापूस आणि आकड्याचा जुगार यांचे नाते जुने आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, पण जुगार थांबला नाही. वर्षभरातच कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला, पुढे रतन खत्री यांनी तो देशभर नेला.

आज तोच आकडा मोबाईलमध्ये आला आहे. सट्ट्याची अनेक संकेतस्थळे कुरासावसारख्या दूरच्या बेटावरचा परवाना मिरवतात. भारतात त्या कागदाला कवडीची किंमत नाही. मालक कोण, भांडवल कुठले, पैसा बुडाला तर दाद कुठे मागायची, याचे उत्तर कुणीच देत नाही. ईडीच्या तपासानुसार महादेव या सट्ट्याच्या ॲपचा कारभार दुबईतून चाले. इथे ठिकठिकाणी ‘पॅनल’, म्हणजे सट्टा चालवण्याच्या शाखा, वाटली जात आणि नफा बेनामी खात्यांतून, हवालामार्गे बाहेर जाई. अशा परदेशी कंपन्यांना ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी सक्तीची झाली, तरी अनेकांनी ती चुकवली. मार्च २०२५ पर्यंत जीएसटी गुप्तचर महासंचालनालयाने अशी ३५७ संकेतस्थळे बंद पाडली होती आणि सुमारे ७०० कंपन्या चौकशीच्या फेऱ्यात होत्या.

रीतसर परवाने द्या, कर घ्या, असे काही जण सुचवतात. फिलिपाइन्सने ते करून पाहिले. २०१६ पासून तिथे परदेशी ग्राहकांसाठीच्या जुगार कंपन्यांना परवाने मिळाले. त्यांच्या आडोशाने फसवणूक आणि माणसांची तस्करी फोफावली, तेव्हा २०२४ मध्ये त्या सरकारला बंदीच घालावी लागली. ज्याचा खरा मालक आणि पैशाचा उगम ठाऊक नाही, त्याला परवाना देणे म्हणजे काळ्या पैशाला राजमुद्रा देणे होय.

म्हणून २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचे आम्ही स्वागत करतो. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. व्यवहाराला हातभार लावणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशी कंपन्यांनी काही दिवसांतच असे खेळ बंद केले. परदेशातले मात्र नाव बदलून परत येतात. त्यांना रोखायचे तर पैशाची वाटच अडवली पाहिजे.

ती वाट आपल्या दारावरून जाते. चार पैशांच्या आमिषाने कॉलेजचा पोरगा किंवा मजूर आपले बँक खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देतो. कोटींची उलाढाल त्याच्या नावावर होते आणि पोलीस येतात तेव्हा जाबही त्यालाच द्यावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या खात्यात अचानक लाखो रुपये फिरू लागले, तर बँकेच्या शाखेने लगेच विचारपूस करावी. ग्रामसभेत आणि वर्गावर्गात एकच गोष्ट सांगितली जावी: खाते भाड्याने देऊ नका.

हे आपल्याला जमेल का? १९७०च्या दशकात श्रमिक संघटनेच्या लढ्यात याच शहाद्याच्या आदिवासी बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, मडकी फोडली आणि बायकांवर हात उगारणाऱ्यांना जाब विचारला. दारूबंदीचा कायदा तेव्हाही होता. त्याला धार आली ती त्या बायांमुळे. जुगाराविरुद्धच्या कायद्यालाही तशीच पाठराखण हवी.

यंदा लक्ष्मीपूजनाला घरातल्या तरुणांना जवळ बसवा आणि या विषयावर मोकळेपणाने बोला. कुणी हरून कर्जात बुडाला असेल तर त्याला दोष देण्याआधी आधार द्या. कष्टाचा पैसा कष्टकऱ्याच्याच घरात नांदो, हीच शुभेच्छा.

— संपादक